आतड्याला १०० पैकी ४३ गुण

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ४१. अडीच महिन्यांपूर्वी दाढेला गळू झालं म्हणून लागोपाठ दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. दुसऱ्या वेळी आठ-दहा दिवस जुलाब झाले, मग आपोआप थांबले. आता अधूनमधून पोट फुगतं, गॅस होतो. भूक आणि वजन ठीक आहे. मित्राच्या सांगण्यावरून शौचाचा नमुना पाठवून घरबसल्या 'मायक्रोबायोम', म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या वस्तीची, तपासणी केली. अहवालात १०० पैकी ४३ गुण, 'विविधता कमी', 'हानिकारक जिवाणू वाढलेले', 'रोगप्रतिकारशक्ती धोक्यात' असं लाल अक्षरांत आलंय आणि खाली सहा महिने कॅप्सूल घ्यायचा सल्ला. ७० टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात असते म्हणे. मग माझी उरली किती? आणि मुळात एक कळत नाही. जिवाणू परके. त्यांच्या अगदी लगत आपल्या पेशी पहारा देत बसलेल्या. मग त्या त्यांना मारत का नाहीत? माझ्या झोपल्यात की काय? घरात आईची केमोथेरपी सुरू आहे, या कॅप्सूल तिलाही द्याव्यात का?
– ४३ गुणवाला
ता. क. : अहवाल ठेवू की फाडून टाकू?

उत्तर : नमस्कार.

आईचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण उत्तर त्याचंच आधी देते. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल. या कॅप्सूल आईंना देऊ नका. त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनी स्वतः 'द्या' म्हटल्याशिवाय तर नाहीच. कॅप्सूलमध्ये जिवंत जिवाणू असतात, यालाच प्रोबायोटिक म्हणतात. केमोथेरपीमुळे आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणजे कुंपण मोडलेलं आणि राखणदारही रजेवर. अशा वेळी निरुपद्रवी म्हणून विकलेला जिवाणू रक्तात उतरल्याची उदाहरणं आहेत. असं क्वचित होतं, पण ज्या औषधाचा फायदाच नक्की नाही त्यासाठी हा धोका त्यांनी का घ्यावा?

आता तुमचे गुण. अशा तपासणीत नमुन्यातल्या जिवाणूंचा डीएनए वाचतात आणि कोण किती टक्के आहे याची यादी करतात. यादीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार गुणांबद्दल आहे. निरोगी आतड्यात कोणते जिवाणू किती असावेत याची सर्वमान्य मोजपट्टी अजून कुणाकडेच नाही. दोन ठणठणीत माणसांच्या याद्या शेजारीशेजारी ठेवल्या तर एकमेकींशी फारसं नातं दिसणार नाही, आणि एकच नमुना दोन प्रयोगशाळांत पाठवला तर निकाल दोन येऊ शकतात. मग हे ४३ कशाच्या तुलनेत? दुसरं म्हणजे, तुमच्या नमुन्यात तुमची एकही प्रतिकारक पेशी कुणी मोजलेली नाही. जी गोष्ट तपासलीच नाही ती 'धोक्यात' असल्याचं लाल अक्षरांत लिहायला धाडस लागतं, एवढंच म्हणते.

विविधता कमी दिसली याचं मात्र मला नवल नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबरदस्त अँटिबायोटिक एकदम दिली होती. दीडेक महिन्यात त्यांच्या आतड्यातली वस्ती बरीचशी पूर्वपदावर आली, तरी आधी सगळ्यांमध्ये असलेल्या नऊ प्रजाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. तुमचे तर दोन कोर्स झालेत आणि मधे गेलेत फक्त अडीच महिने. वस्ती अजून सावरतेय. म्हणून दाढेवर उपचार करायला नको होते असं मात्र नाही. दाढेचं गळू अंगावर काढायची गोष्ट नव्हे.

७० टक्क्यांचा आकडा मीही वर्गात बरीच वर्षं ठोकून दिला आहे, त्यामुळे इथे थोडं प्रायश्चित्त घेते. २०२३ साली माणसाच्या शरीरातल्या प्रतिकारक पेशींची एक शिरगणती प्रसिद्ध झाली. ७३ किलो वजनाच्या पुरुषात या पेशी सुमारे १.८ लाख कोटी भरल्या, सगळ्यांचं वजन मिळून १.२ किलो. त्यातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचीच एक जात) मुख्यतः लसिका ग्रंथींमध्ये आणि प्लीहेत निघाल्या; एकूण पेशींपैकी आतड्याच्या वाट्याला अगदी थोड्या आल्या. अपवाद एकाच जातीचा. अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मात्र बहुसंख्येने खरोखरच आतड्यात राहतात. ही जात इथेच का गोळा झाली हे कळलं, की 'मारत का नाहीत' या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती येतं. त्या प्रश्नासाठीच मी हे पत्र निवडलं.

आधी जिवाणूंची संख्या पाहू. 'जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट' हेही असंच घासून गुळगुळीत झालेलं वाक्य. २०१६ मध्ये नीट मोजदाद झाली तेव्हा जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि आपल्या पेशी सुमारे ३० लाख कोटी भरल्या. जवळपास बरोबरी. जिवाणूंचं वजन सारं मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. या गर्दीच्या आणि आपल्या रक्ताच्या मधे अस्तराच्या पेशींचा थर असतो तो फक्त एक पेशी जाडीचा. तोही दर तीन ते पाच दिवसांनी झडतो आणि नवा येतो. पसरला तर तो ३० ते ४० चौरस मीटर होईल, बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाएवढा. एवढी लांबलचक सरहद्द, तीही कागदासारखी.

आता समजा तुमच्या इच्छेप्रमाणे पेशींनी दिसेल त्या जिवाणूला मारायचं ठरवलं. मारणं म्हणजे काय, तर दाह: सूज, रक्तवाहिन्या सैल पडणं, न्यूट्रोफिलच्या झुंडी, त्यांनी सोडलेली जहाल रसायनं. त्यात जिवाणू मरतातच, पण अस्तरही भाजून निघतं. अस्तर फाटलं की आणखी जिवाणू आत, की आणखी दाह. आतड्याच्या क्रोन आजारात आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये थोडंफार हेच दुष्टचक्र चालू असतं. या रुग्णांच्या पेशी झोपलेल्या नसतात. त्यांची झोप उडालेली असते.

म्हणून आतड्याने वेगळीच रीत धरली आहे. इथल्या पेशी जिवाणूचं नाव फारसं विचारत नाहीत, तो कुठे उभा आहे ते बघतात. पोकळीत फिरतोय? फिरू दे. अस्तराला येऊन चिकटला? सावध. अस्तर ओलांडून आत आला? संपवा. तोच एश्चेरिशिया कोलाय मोठ्या आतड्यात वर्षानुवर्षं सुखाने नांदतो आणि मूत्रमार्गात शिरला तर ताप आणतो. जिवाणू बदललेला नसतो, जागा बदललेली असते.

मग सगळा खटाटोप कशाचा, तर अंतर राखण्याचा. त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे बुळबुळीत श्लेष्म. याबद्दल मी थोडी पाल्हाळ लावणार आहे, कारण अस्तरातल्या सगळ्यांत दुर्लक्षित वस्तूवर माझा जीव आहे. आम्ही विद्यार्थी असताना आतड्याच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. अस्तराच्या पेशी दिसत, पोकळीतला मळ दिसे आणि दोहोंच्या मधे एक पांढरी फट. 'ही काय आहे' म्हणून विचारलं की उत्तर मिळे, काही नाही, रिकामी जागा. नेहमीच्या पद्धतीने नमुना फॉर्मलिनमध्ये टिकवला की श्लेष्म आक्रसून जातो, म्हणून तिथे काही दिसत नसे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी श्लेष्म शाबूत ठेवणारं द्रावण वापरलं आणि २००८ मध्ये दाखवून दिलं की मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू खुशाल राहतात. आतला घट्ट, अस्तराला चिकटलेला, आणि त्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. हा श्लेष्म ज्या प्रथिनाचा बनतो ते प्रथिन जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरांत जिवाणू थेट अस्तराला भिडतात आणि उंदरांना आपोआप कोलायटिस होतो. बाहेरून जंतू सोडावा लागत नाही. घरचेच जिवाणू, फक्त मधलं अंतर गेलेलं.

लहान आतड्यात अन्न शोषायचं असल्यामुळे इतका जाड थर परवडत नाही. तिथे खाचांच्या तळाशी पॅनेथ नावाच्या पेशी बसलेल्या असतात आणि त्या जिवाणूनाशक प्रथिनं श्लेष्मात सोडत राहतात. अस्तराच्या इतर पेशीही अशी काही प्रथिनं बनवतात. २०११ मध्ये उंदरांवर दिसलं की यांतल्या एका प्रथिनामुळे जिवाणू आणि अस्तर यांच्यात सुमारे ५० मायक्रोमीटरची पट्टी मोकळी राहते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. प्रथिन नसेल तर पट्टी नाहीशी होते आणि आतल्या पेशी लगेच खवळतात.

आणि आता त्या प्लाझ्मा पेशी. त्या जे प्रतिपिंड बनवतात त्याचं नाव आयजीए. धडधाकट माणसाच्या आतड्यात रोज काही ग्रॅम, साधारण तीन ते पाच, एवढं हे सोडलं जातं. बाकी सगळ्या प्रकारची प्रतिपिंडं एकत्र केली तरी त्यांचं उत्पादन एवढं होत नाही. गंमत अशी की आयजीए सहसा मारत नाही. ते जिवाणूला बाहेरून माखतं, त्याच्या पोहायच्या शेपट्यांना धरून ठेवतं, दोन-चार जिवाणूंची मोट बांधतं. मोट बांधलेले जिवाणू श्लेष्मात अडकतात आणि पुढे वाहून जातात. पोलिसाने गोळी न झाडता गर्दीला दोरीमागे ठेवावं तसं.

कुणावर कोणतं आयजीए चढवायचं हे ठरायला आधी जिवाणूंचा नमुना आत आणावा लागतो. लहान आतड्याच्या भिंतीत लसिका पेशींचे पुंजके असतात. योहान पेयर या स्विस वैद्याने १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना पेयरचे पुंजके म्हणतात. त्यांच्या माथ्यावरच्या खास पेशी पोकळीतून जिवाणू चिमटीने उचलून आत देतात. तिथे डेंड्रिटिक पेशी त्यांना गिळतात आणि आतड्याच्या मागच्या लसिका ग्रंथीपर्यंत नेऊन टी-पेशी आणि बी-पेशी या लिम्फोसाइटच्या दोन जातींना दाखवतात; यांतल्या बी-पेशीच पुढे प्लाझ्मा पेशी होतात. २००४ मध्ये उंदरांवर एक सुरेख गोष्ट दिसली. या डेंड्रिटिक पेशी जिवंत जिवाणू पोटात घेऊन त्या ग्रंथीपर्यंत जातात आणि तिथेच थांबतात, प्लीहेपर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे आयजीएची तयारी होते, पण बाकीच्या शरीराला आतड्यातल्या या वस्तीचा पत्ताही लागत नाही. घरातली गोष्ट घरातच.

भिंतीच्या आत भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, पसरलेल्या असतात. दुसरीकडच्या मॅक्रोफेज जिवाणू गिळला की आरडाओरडा करतात, रासायनिक संदेश पाठवून कुमक बोलावतात. आतड्यातल्या मॅक्रोफेज मात्र चुकून आत आलेल्याला गिळतात, मारतात आणि गप्प बसतात. तुमच्या पेशी झोपल्यात का, याचं उत्तर इथे आहे: त्या रोज मारतायत, फक्त गाजावाजा नाही.

हा गप्प बसायचा आदेश बराचसा नियामक टी-पेशींकडून येतो. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या, २००१ मध्ये त्यांना चालवणारं फॉक्स-पी-३ हे जनुक सापडलं आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि साकागुची यांना याच कामासाठी मिळालं. काही मुलगे या जनुकात बिघाड घेऊन जन्मतात. त्यांची प्रतिकारशक्ती कुणी आवरायला नसल्यामुळे मोकाट सुटते, आणि तान्हेपणीच सगळ्यांत आधी जे दिसतं त्यात असतात न थांबणारे जुलाब. 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं कुठे वाचलं की मला ही बाळं आठवतात.

या नियामक पेशींना बळ कोण देतं? ज्यांना आपण परके म्हणतोय ते जिवाणूच. जपानमधले केन्या होंडा यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की क्लॉस्ट्रिडियम कुळातल्या काही निरुपद्रवी जिवाणूंमुळे उंदरांच्या मोठ्या आतड्यात या पेशी वाढतात, आणि २०१३ मध्ये माणसाच्या शौचातून असे १७ जिवाणू वेगळे काढले. त्याच वर्षी यामागचा एक धागाही हाती लागला. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर अस्तराच्या पेशी जगतात, तेच त्यांचं मुख्य इंधन; आणि त्याच ब्युटिरेटच्या संगतीत नवख्या टी-पेशी नियामक व्हायला शिकतात. तुमच्या अहवालात 'क्लॉस्ट्रिडियम' हे नाव बहुधा लाल रकान्यात असेल. त्या कुळात धनुर्वाताचा जंतूही आहे आणि ही मंडळीही. आडनावावरून माणूस ओळखावा तितपतच हे शहाणपण.

'हानिकारक' या शिक्क्याबद्दल आणखी एक हकिकत सांगते, ती मी दर वर्षी वर्गात सांगते. न्यूयॉर्कमध्ये डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत एकाच वंशाचे उंदीर दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येत. जनुकं सारखी, खाणं सारखं. तरी एकाकडच्या उंदरांच्या लहान आतड्यात टी-एच-१७ या लढाऊ पेशी भरपूर, दुसऱ्याकडच्यांत जवळजवळ नाहीत. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर न असलेल्यांतही त्या येत. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, तेव्हा काहीतरी त्या वाटेने जात होतं. २००९ मध्ये तो जिवाणू पकडला गेला: धाग्यासारखा लांब, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अस्तराला टोकाने रुतून बसणारा. हा एकटा जिवाणू या पेशी उभ्या करतो. त्या असल्या की उंदीर आतड्याच्या संसर्गाला चांगला तोंड देतो. म्हणजे जिवाणू चांगला? पुढच्या दोन वर्षांत कळलं की संधिवाताची किंवा मज्जातंतूंच्या दाहाची प्रवृत्ती असलेल्या उंदरांत हाच जिवाणू दुखणं पेटवतो. आता याला हिरव्या रकान्यात टाकायचं की लाल? तो ज्याच्या पोटात आहे त्याच्यावर ते अवलंबून, आणि तेवढी माहिती कोणत्याही यादीत नसते.

जिवाणू अजिबातच नसते तर? असे उंदीर प्रयोगशाळेत वाढवतात, जन्मापासून निर्जंतुक. त्यांचे पेयरचे पुंजके खुरटलेले राहतात, आयजीए बनवणाऱ्या पेशी तुरळक असतात, श्लेष्माचाही पोत बिघडतो. पहारेकरी तयार होतात ते ज्यांच्यावर पहारा द्यायचा त्यांच्याच सहवासात.

कॅप्सूलकडे येऊ. कल्पना जुनी आहे आणि ती मांडणारा माणूस लहान नव्हता. भक्षक पेशी शोधल्याबद्दल १९०८ चं नोबेल वाटून घेणाऱ्या एली मेचनिकॉफनीच आंबवलेल्या दुधातल्या जिवाणूंनी आयुष्य वाढतं असं सांगितलं होतं आणि स्वतःही ते घेत. पण तुमच्यासारख्या, अँटिबायोटिकनंतरच्या माणसात प्रत्यक्षात काय होतं? २०१८ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २१ निरोगी लोकांना आठवडाभर अँटिबायोटिक देऊन त्यांचे तीन गट केले. एकाला काहीच दिलं नाही, दुसऱ्याला ११ प्रकारच्या जिवाणूंचं प्रोबायोटिक चार आठवडे, आणि तिसऱ्याला आधी जपून ठेवलेली त्यांची स्वतःचीच वस्ती परत. तिसऱ्या गटाची वस्ती काही दिवसांत पूर्ववत झाली. काहीच न घेतलेल्यांचीही हळूहळू झाली. प्रोबायोटिक घेतलेल्यांची मात्र सगळ्यांत मागे राहिली, पाच महिने झाले तरी पुरती जागेवर आली नाही. बाहेरून आलेल्यांनी जागा अडवली होती. लोक थोडे होते, त्यामुळे यावरून जगाचा निवाडा मी करणार नाही. पण सहा महिन्यांच्या कॅप्सूल घ्यायच्या आधी हे ठाऊक असावं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये बहुतेक पोटविकारांत प्रोबायोटिकची शिफारस केलेली नाही. अपवाद मोजके: अँटिबायोटिक चालू असतानाच क्लॉस्ट्रिडियोइडिस डिफिसिल या जंतूचे जुलाब टाळण्यासाठी काही ठरावीक प्रकार, दिवसांआधी जन्मलेल्या बाळांतला एक आजार, आणि मोठं आतडं काढलेल्या काही रुग्णांतला दाह. तुम्ही यांपैकी कशातच बसत नाही.

घेतल्या तर काय होईल? बहुधा काहीच नाही. पोट तसंही सावरतंय, दोन-तीन महिन्यांत बरं वाटेल आणि श्रेय कॅप्सूलला जाईल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. मित्राचंही तसंच झालं असण्याची शक्यता मला वाटते, पण त्याच्याशी वाद घालू नका, मैत्री टिकवणं जास्त मोलाचं.

मग करायचं काय? जिवाणूंना खायला घाला. २०१६ मध्ये माणसाचे १४ जिवाणू पोटात असलेल्या उंदरांचा चोथा बंद केला, तर त्यांतल्या काहींनी मोर्चा श्लेष्माकडे वळवला. श्लेष्मही शेवटी साखरेने मढवलेलं प्रथिन. उपाशी माणूस घराची लाकडं जाळतो तसं. थर पातळ झाला आणि एरवी आटोक्यात राहणारा संसर्ग त्या उंदरांना जड गेला. तेव्हा धान्यं, डाळी, भाज्या, फळं यांत जेवढे प्रकार आणता येतील तेवढे आणा. पण हळूहळू. एकदम चोथा वाढवला तर तुमचा गॅस दुप्पट होईल आणि शिव्या मला पडतील. आंबवलेले पदार्थ पोटाला चालत असतील तर जरूर घ्या. स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी लोकांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला होता, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आंबवलेले पदार्थ वाढवलेल्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनं रक्तात कमी झाली. नुसता चोथा वाढवलेल्या गटात एवढ्या अवधीत विविधता वाढली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चोथ्यावर जगणारे आधी पोटात असावे लागतात, आणि ते परतायला वेळ घेतात. शिवाय पुढच्या वेळी साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका, आणि खरोखर गरज असेल तेव्हा या सगळ्या वाचनामुळे नाकारूही नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते नीट लक्षात ठेवा. शौचात रक्त, आपोआप घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तात हिमोग्लोबिन कमी निघणं, किंवा घरात कुणाला आतड्याचा दाह किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला असणं. यांतलं एकही असेल तर थांबू नका. पातळ जुलाब पुन्हा सुरू होऊन दिवसातून तीन-चारदा व्हायला लागले तरी जा, आणि अँटिबायोटिक घेतल्याचं आठवणीने सांगा; डिफिसिलचा त्रास औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही डोकं वर काढतो. आईंच्या सान्निध्यात असल्यामुळे तुम्ही तर इथे जराही हयगय करू नका आणि शौचानंतर हात साबणाने धुवा. या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

गरज वाटली तर डॉक्टर कॅलप्रोटेक्टिन तपासायला सांगतील. तीही शौचाचीच तपासणी, पण ती जिवाणू मोजत नाही. न्यूट्रोफिल पेशींतलं एक प्रथिन मोजते, म्हणजे तुमच्या पेशी आतड्यात खरंच भांडण काढून बसल्यात का ते कळतं. तुम्हाला जे जाणून घ्यायचं होतं ते तपासणारी चाचणी ही होती.

ता. क.चं उत्तर : अहवाल फाडू नका. त्याची मागची बाजू कोरी असेल. तिथे आजची तारीख घाला आणि पुढचे सहा आठवडे पोट कधी फुगलं, आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, शौच कशी झाली एवढं दोन-दोन शब्दांत लिहीत जा. त्रास राहिलाच तर डॉक्टरांपुढे कागद ठेवताना ती बाजू वर असू द्या.